दोनदा आठशे

आमच्या भागात प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास जी रिले होते ती पुस्तकातली नाही. ऑलिंपिकमध्ये ४ x ४०० ची रिले असते. ४ x ८०० ऑलिंपिकला नसली तरी जगात धावली जाते. पण त्या शर्यतींत एक जण एकदाच धावतो. आमच्याकडे चार जण, प्रत्येकी ८०० मीटर, आणि चौथ्याचं संपलं की बॅटन पुन्हा पहिल्याच्या हातात. म्हणजे प्रत्येकाला दोनदा धावायचं. चौघांत निदान एक मुलगी हवी, क्रम दोन्ही वेळा तोच, आणि मैदान २०० मीटरच्या फेरीचं. हा नियम कोणी काढला ते गावात कोणालाच सांगता येत नाही. बघणाऱ्यांना वीस-बावीस मिनिटं मजा मिळावी म्हणून काढला असेल. पण त्या एका नियमानं सगळा हिशेब बदलतो. एकदाच आठशे धावायचं असेल तर जीव तोडून धावता येतं. दोनदा धावायचं तर मधल्या आठ मिनिटांत अंग किती सावरेल, त्यावर पहिल्या वेळचा वेग ठरतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-नेर पट्ट्यात शेती करतो. कापूस, तूर, आणि विहिरीला पाणी असेल त्या वर्षी हरभरा. चाळिशी जवळ आली. एकेकाळी पोलीस भरतीसाठी धावायचो. भरती काही झाली नाही, पण बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या लाइनीच्या कडेनं पहाटे धावायची सवय राहून गेली. आता पुतण्या भरतीची तयारी करतो. पन्नास गुणांच्या मैदानी चाचणीत १६०० मीटरला २० गुण, १०० मीटर आणि गोळाफेकीला १५-१५, त्यामुळे त्याचा सगळा जीव त्या सोळाशेत. आमच्या गल्लीतली एक पोरगी, तीही भरतीचीच. मुलींना सोळाशेऐवजी ८०० मीटर असतं, म्हणजे ही रिले तिच्या कामाची. चौथा गडी गावात ट्रॅक्टर चालवतो, त्याची स्वतःची थोडी शेतीही आहे. त्यानं आयुष्यात कधी घड्याळ लावून धावलेलं नव्हतं, पण कबड्डीत त्याचा दम सगळ्यांनी पाहिलेला. आणि आमचे सर. ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले, शाळेत पीटी घेतात. त्यांनी धावायला नकार दिला, पण घड्याळ हातात घेतलं.

सरांनी पहिलं काम काय केलं असेल तर मैदान मोजलं. आमचा समज असा की २०० मीटर म्हणजे शाळेच्या मैदानाला एक फेरा. सरांनी टेप लावला. पन्नास-पन्नास मीटरच्या दोन सरळ बाजू आणि पन्नास-पन्नास मीटरची दोन अर्धवर्तुळं. अर्धवर्तुळाची लांबी ५० यायची तर त्रिज्या १५.९२ मीटर हवी. पण धावणारा रेषेवरून धावत नाही, रेषेच्या २० सेंटिमीटर बाहेरून धावतो असं धरतात, म्हणून फक्की मारायची ती १५.७२ मीटरवर. खुंटी ठोकली, दोरी बांधली, फक्की मारली. मैदान मुरमाचं होतं हे बरं. काळ्या मातीत जानेवारीत भेगा पडलेल्या असतात, पाय मुरगळायला एक भेग पुरते.

मग ते आम्हाला वळणावर घेऊन गेले आणि म्हणाले, रेषेपासून एक मीटर बाहेरून वळलात तर एका फेरीत सव्वासहा मीटर जास्त धावता. चार फेऱ्यांत पंचवीस मीटर. आपल्या वेगाला ते पाच सेकंद. २०० मीटरच्या मैदानात अर्धं अंतर वळणातच जातं, म्हणून कोणाला मागे टाकायचं तर सरळ बाजूवर टाका, वळणात त्याच्या पाठीशी गपचूप राहा. पुतण्याला हे पटायला वेळ लागला. त्याला वळणातच पुढं काढायची हौस. सोळाशे मीटरला पोरांची गर्दी असते आणि ती वळणातच आपसात ढकलाढकली करते, त्याची सवय.

पहिल्या चाचणीत सरांनी आम्हाला काहीच सांगितलं नाही. धावा म्हणाले, दोनदा, मधे बाकीच्या तिघांएवढा वेळ थांबून. पुतण्या पहिल्या वेळी सुटला तो ३० सेकंदांत पहिली फेरी करून आला. बघणारी पोट्टी शिट्या वाजवायला लागली. २ मिनिटं १४ सेकंदांत त्याचे आठशे झाले आणि तो बोरीच्या झाडाखाली आडवा पडला. दुसऱ्या वेळी त्याला उठवावं लागलं. दुसरे आठशे २:४८. शेवटच्या फेरीत त्याचे पाय लाकडाचे झाल्याचं लांबून दिसत होतं. सरांनी वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि खाली बेरीज मांडली: ५:०२.

“सर, पयल्या टायमाले तं मस्त आलो ना!”

“पहिल्याचं मला नको सांगू. बेरीज सांग.”

पुढच्या आठवड्यात सरांनी त्याला पहिली फेरी ३६ च्या आत करू दिली नाही. स्वतः अर्ध्या फेरीवर उभे राहून ओरडत होते. तो चिडला, “काकाजी, अशा चालीनं तं म्हतारे बी पुढं जाईन आपल्या.” पहिले आठशे २:२५. दुसरे २:२७. बेरीज ४:५२. दहा सेकंद वाचली, आणि संपल्यावर तो उभा होता. ट्रॅक्टरवाल्यानं त्याला विचारलं, “आता काऊन नाई झोपला बे?” तेव्हापासून वेगाचा वाद आमच्यात झाला नाही. निदान उघड झाला नाही.

असं का होतं, हे सरांनी एका संध्याकाळी माझ्या शेतातल्या विहिरीवर समजावलं, आणि तिथंच समजावलं म्हणून ते डोक्यात बसलं. स्नायूंत तत्काळ वापरायची एक शिल्लक असते, फॉस्फोक्रिएटिन नावाची. जोरात धावलं की ती उपसली जाते. थांबलं की परत भरते, आणि भरते ती उपसलेल्या विहिरीत पाणी चढतं तशी: सुरुवातीला भरभर, मग हळूहळू. निम्मी भरायला अर्धा ते एक मिनिट, जवळजवळ पूर्ण भरायला चार-पाच मिनिटं. आम्हाला मिळतात आठ. म्हणजे त्या बाजूनं काळजी नाही. दुसरी भानगड वेगळी आहे. श्वासातून मिळणाऱ्या ऑक्सिजनला झेपेल त्यापेक्षा जास्त वेगानं धावलं की शरीर साखर अर्धवट जाळून काम भागवतं. त्यात लॅक्टेट तयार होतं आणि त्यासोबत स्नायूंत आम्लता चढते. तेच ते पाय जड होणं, लाकूड होणं. ही आम्लता आठ मिनिटांत उतरत नाही. लॅक्टेट पहिल्यासारखं व्हायला अर्धा-पाऊण तास, कधी तासही लागतो. म्हणजे विश्रांतीत एक गोष्ट भरून येते आणि दुसरी येत नाही. पहिले आठशे असे धावायचे की ही दुसरी गोष्ट फार चढूच नये. २:१४ आणि २:२५ मधल्या अकरा सेकंदांचा अर्थ हा होता.

मला त्यातलं सगळं कळलं असं नाही. पण हिशेब कळला.

मग विश्रांतीचाच हिशेब मांडला आणि त्यात एक गंमत निघाली. आमचे ठरलेले वेळ असे होते: पुतण्या २:२५, मी २:४५, ट्रॅक्टरवाला २:५०, पोरगी २:५५. एका पाळीची बेरीज १० मिनिटं ५५ सेकंद. प्रत्येकाची विश्रांती म्हणजे त्यातून त्याचा स्वतःचा वेळ वजा. पुतण्याला साडेआठ मिनिटं, मला ८:१०, ट्रॅक्टरवाल्याला ८:०५, पोरीला बरोबर आठ. म्हणजे जो सगळ्यांत वेगवान त्याला सगळ्यांत जास्त आराम, आणि जिला गरज जास्त तिला सगळ्यांत कमी. क्रम कसाही लावा, हे आकडे बदलत नाहीत. कोण आधी, कोण नंतर यावर आमच्याकडच्या टीम रात्र-रात्र भांडतात. “मले दोघाच्या मंधात ठेवा, म्हंजे आराम भेटते,” असं म्हणणारे हमखास असतात. क्रमानं आराम वाढत नाही. क्रमाचा उपयोग वेगळा. पहिल्याला सुटतानाची गर्दी सांभाळायची असते आणि शेवटच्याला समोर कोणी दिसत असेल तर पकडायचं असतं. म्हणून मी पहिला, पोरगी दुसरी, ट्रॅक्टरवाला तिसरा आणि पुतण्या शेवटी. गर्दीत न चिडता धावायला वय झालेला माणूस बरा असतो, असं सरांचं म्हणणं. मी त्याला स्तुती समजलो.

वेग लावून घेणं हे ऐकायला सोपं आहे. २:४५ म्हणजे २०० मीटरला सव्वाएक्केचाळीस सेकंद. पण अंगाला एक्केचाळीस म्हणजे काय हे कळायला वेळ लागतो, कारण पहिल्या फेरीला एक्केचाळीस म्हणजे फिरायला निघाल्यासारखं वाटतं आणि तिसऱ्याला तेच एक्केचाळीस दात-ओठ खाऊन काढावं लागतं. आठशेची खरी फेरी तिसरी. पहिलीत जोम असतो, चौथीत शेवट दिसतो, दुसरी पहिलीच्या पुण्याईवर निघते. तिसरीत कोणीच आपलं नसतं. आम्ही ५०-५० मीटरवर तुराटीच्या काड्या रोवल्या, आणि सर सेकंद ओरडायचे. माझा सराव म्हणजे २०० मीटर एक्केचाळीसमध्ये, मग १०० मीटर चालत, परत तेच, जोवर सरांनी न ओरडता मी एखाद्या सेकंदाच्या फरकानं येत नाही तोवर. पोरगी मात्र म्हणाली, “सर, मले आकडे नका सांगू. आइकूनच दम लागते.” तिला सरांनी श्वासावर लावलं. पहिल्या दोन फेऱ्यांत तीन पावलांना श्वास आत, दोनला बाहेर. हा ताल तुटला तर वेग जास्त झाला असं समजायचं. तिचं घड्याळ आमच्या सगळ्यांपेक्षा नेमकं निघालं.

मधल्या आठ मिनिटांत काय करायचं, यावर आमच्या मैदानात जितकी मतं तितकी माणसं. जुने लोक म्हणतात, धावून आल्यावर वाकू नको, हात डोक्यावर ठेव, छाती मोकळी होते. सरांनी उलट करायला लावलं. पहिलं अर्धं मिनिट गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभं राहायचं. तसं वाकलं की श्वासपटलाला काम करायला सोपं जातं आणि धडधड लवकर खाली येते. मला ते खरं वाटलं. झोपायचं मात्र नाही, बसायचंही नाही. मग चालायचं. हळू चालत राहिलं तर स्नायूंतून रक्त फिरत राहतं आणि लॅक्टेट बसून राहण्यापेक्षा लवकर उतरतं. पुतण्याला वाटलं की चालण्यापेक्षा पळतच राहिलं तर आणखी लवकर उतरेल. तसं नाही. फार जोर लावला तर ती पहिली शिल्लक भरत नाही. पायांत हलकेपणा आहे एवढंच चालायचं.

आणि अंग झाकायचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो म्हणून लोकांना वाटतं विदर्भात थंडीच नाही. जानेवारीच्या सकाळी येऊन पाहा. घामानं भिजलेलं अंग चार मिनिटांत गार पडतं आणि मांडीचा मागचा स्नायू आवळतो. आम्ही प्रत्येकासाठी एक स्वेटर आणि चादर ठेवली होती. माकडटोपी घालून, चादर पांघरून मैदानाच्या कडेनं चालणारे आम्ही धावपटूंपेक्षा जागलीवरून आलेले वाटायचो. पाण्याचे दोन घोट, बस. थंडीत वीस मिनिटांच्या शर्यतीत घाम जाऊन जाऊन किती जाणार. मधे केळं, चिक्की, तीळगुळाचा लाडू, कोणी काहीही दिलं तरी नाही म्हणायचं. आठ मिनिटांत त्यातलं काही पायांत पोचत नाही, फक्त पोटात गोळा होतो. जे खायचं ते अडीच-तीन तास आधी. आम्ही पहाटे भाकर-दूध-गूळ खाऊन निघायचं ठरवलं. शेवटची दोन मिनिटं परत जागं होण्याची. चादर काढायची, साठ-सत्तर मीटरची दोन जलद धावणं, पण पूर्ण जोरात नाही, आणि जाऊन रेषेवर उभं राहायचं.

यात एक चांगली गोष्ट लपलेली आहे. थंड अंगानं धावायला लागलं की ऑक्सिजन घेण्याचं यंत्र पूर्ण चालू व्हायला मिनिटभर जातं. ते मिनिट उधारीवर जातं. दुसऱ्या वेळी यंत्र आधीच तापलेलं असतं, त्यामुळे पहिल्या वेळी पाय आंबवून घेतले नसतील तर दुसरे आठशे पहिल्यापेक्षाही सोपे जाऊ शकतात. पोरीच्या बाबतीत असंच व्हायचं. तिची दुसरी वेळ पहिल्यापेक्षा एक-दोन सेकंदांनी चांगली यायची आणि ती दर वेळी सरांकडे संशयानं बघायची, घड्याळ बिघडलं का म्हणून.

बॅटनसाठी आम्ही शेतातला पीव्हीसी पाइप कापला. बॅटन पोकळ, २८ ते ३० सेंटिमीटर लांब, साधारण ४ सेंटिमीटर जाड आणि कमीत कमी ५० ग्रॅमची असते. शेतीचा ४० मिलिमीटरचा पाइप बाहेरून मोजून ४० च असतो, त्यामुळे तो जसा काही याचसाठी बनवलेला. कडा घासून गुळगुळीत केल्या. २०२३ साली बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत आपल्या मोहम्मद अनस, अमोज जेकब, मोहम्मद अजमल आणि राजेश रमेश यांनी ४ x ४०० मध्ये २ मिनिटं ५९.०५ सेकंदांचा आशियाई विक्रम केला, ती शर्यत पुतण्याच्या मोबाइलवर आम्ही बघितली होती. त्यात अदलाबदल बघण्यासारखी आहे. ४ x १०० सारखं मागं न बघता हात लांब करत नाहीत. घेणारा वळून बघतो, येणारा किती थकलाय ते तोलतो आणि मग सुटतो. आठशेच्या रिलेत तर हे आणखी महत्त्वाचं. बॅटन बदलायची हद्द २० मीटरची. आम्ही रेषेच्या आठ पावलं मागे खूण केली. येणारा खुणेवर आला की घेणाऱ्यानं सुटायचं. दुसऱ्या पाळीत तीच खूण पाच पावलांवर आणली, कारण तेव्हा येणारा मेलेला असतो आणि घेणारा आठ पावलांवर सुटला तर तो हातातच येत नाही. बॅटन पडली तर ज्याच्या हातून पडली त्यानंच उचलायची, हे सगळ्यांना दहा वेळा सांगितलं. माणूस थकला की हेच विसरतो.

इथपर्यंत सगळं मैदानातलं. पण खरी अडचण मैदानाबाहेर होती आणि तिच्यावर वहीत उपाय नव्हता.

डिसेंबर-जानेवारी म्हणजे कापसाची दुसरी-तिसरी वेचणी. पोरगी सकाळी धावायची आणि मग आईसोबत दिवसभर कमरेला ओटी बांधून वाकून वेचणी करायची. वाकून-वाकून कंबर आणि मांडीच्या मागच्या शिरा अशा ताठतात की दुसऱ्या सकाळी पाऊल लांब पडत नाही. भरतीच्या पोरांना वाटतं पाय दुखतात ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे, मग ते मालीश, गरम पाणी, कोणी काय काय करतात. लॅक्टेट तर तासाभरात गेलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतं ते स्नायूंच्या बारीक फाटण्यानं, एक ते तीन दिवस राहतं आणि आपोआप जातं. त्याला आराम आणि हलकी हालचाल एवढंच औषध. पण ज्या दिवशी सर ‘उद्या आराम’ म्हणायचे तो आराम तिच्या नशिबात नसायचा. शेवटी सरांनी तिचं वेळापत्रक वेचणीप्रमाणे लावलं. जिथं वेचणी संपली आणि कापूस घरी आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी जोरात धावायचं. ज्या आठवड्यात वेचणी चालू, त्यात फक्त हलकं धावणं. पुस्तकात आठवडा सोमवारी सुरू होतो. आमचा बोंडं फुटली की सुरू होतो.

ट्रॅक्टरवाल्याचं दुखणं म्हणजे रात्रीची लाइन. शेतीपंपाची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, आळीपाळीनं येते. रात्रीची असली की हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्री बारा-एकला वावरात जायचं, थंडीत स्प्रिंकलरचे पाइप एका जागेवरून दुसऱ्या जागी उचलायचे, सापाविंचवाची भीती वेगळीच, आणि पहाटे घरी येऊन तासभर डोळा लागला तर लागला. झोप तुटली की सावरणं तुटतं. हे कोणत्याही कोचनं सांगायची गरज नाही, त्याच्या वहीतले आकडे सांगत होते. दिवसाच्या लाइनीच्या आठवड्यात त्याची पहिली आणि दुसरी वेळ दोन-तीन सेकंदांच्या फरकानं यायची. रात्रीच्या आठवड्यात पहिली वेळ तीच, दुसरी सात-आठ सेकंदांनी मागे. पहिले आठशे माणूस जिद्दीवर काढतो. दुसऱ्याला जिद्द पुरत नाही. मला तर वाटतं, आमच्याकडच्या भरतीच्या पोरांचे अर्धे गुण लाइनीच्या वेळापत्रकात जातात. पण त्याची तक्रार कोणाकडे करणार?

शर्यतीच्या आठवड्यात लाइन रात्रीची होती.

त्याला आम्ही म्हटलं, आदल्या रात्री माझा भाऊ तुझ्या वावरात जाईल. तो म्हणाला, “नाई भाऊ, हरभरा घाटे भरून रायला. मीच जातो.” गेला. सकाळी मैदानात आला तेव्हा डोळे लाल.

शर्यतीचं सविस्तर सांगण्यात अर्थ नाही, पण पहिली पाळी सांगण्यासारखी आहे, कारण आमची तिथं पुरती शोभा झाली. भरतीच्या पोरांची एक टीम सुटली ती वाऱ्यासारखी. मी ठरल्याप्रमाणे एक्केचाळीसची फेरी केली आणि पहिल्या फेरीनंतर शेवटून दुसरा होतो. गावातले लोक ओरडायला लागले, “अरे काकाजी फिराले आले काय!” २:४५ मध्ये मी बॅटन दिली. पोरगी २:५६, ट्रॅक्टरवाला २:५१, पुतण्या २:२६. आमची पाळी १०:५८ ला संपली तेव्हा पहिल्या टीमनं आम्हाला एक आख्खी फेरी चढवलेली होती. त्यांची पाळी दहा मिनिटं पाच सेकंदांत झाली होती. फेऱ्या मोजणारे गोंधळले, कोण कितवं यावर बाजूला वाद सुरू झाला. आमच्या सरांनी प्रत्येक फेरीला एक खडा खिशातून टोपीत टाकायचं काम आधीच एका पोराला दिलेलं होतं, म्हणून आमचा हिशेब सुटला नाही.

दुसऱ्या पाळीत लोकांचा आवाज बदलला. जे आमच्या पुढं होते ते एकेक करून चालल्यासारखे दिसायला लागले. एका टीमचा पोरगा, ज्यानं पहिल्यांदा माझ्या जवळून गोळीसारखी धाव घेतली होती, त्याला मी तिसऱ्या फेरीत सरळ बाजूवर गाठलं. माझे २:४८. पोरीचे २:५४, म्हणजे पहिल्यापेक्षा दोन सेकंद कमी, आणि तिनं दोघांना मागे टाकलं. ट्रॅक्टरवाल्याची शेवटची फेरी बघवत नव्हती. २:५८. त्याला मान वर उचलता येत नव्हती, पण पाच पावलांची खूण कामी आली आणि बॅटन पडली नाही. पुतण्यानं २:२७ मध्ये संपवलं. एकूण २२:०५. ठरवलेल्या वेळेपेक्षा पंधरा सेकंद जास्त, आणि त्यातली आठ एकट्या त्या दुसऱ्या पाळीत रात्रीच्या ओलितानं खाल्लेली.

आम्ही दुसरे आलो. पहिली टीम ती वाऱ्यासारखी सुटलेलीच. त्यांची दुसरी पाळी पस्तीसेक सेकंदांनी मागे पडली तरी त्यांना काही फरक पडला नाही. सरांचा हिशेब बरोबर म्हणून आम्ही जिंकू असं होत नाही, समोरचा मुळातच वेगवान असतो. तिसऱ्या आलेल्या टीमची गोष्ट मात्र सरांनी वहीत लिहून ठेवली. पहिली पाळी १०:२०, दुसरी १२:१०. आमच्यापेक्षा त्यांचे पाय चांगले होते, हे मी आजही म्हणेन.

आता पोरगी भरतीच्या तयारीत आहे आणि तिथं सगळं उलटं करावं लागतंय. भरतीत दुसरी वेळ नाही, राखून ठेवायला काही कारण नाही. एकदाच धावायच्या आठशेत बहुतेक चांगले धावपटू पहिला अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा थोडा जलदच काढतात. डेव्हिड रुडिशानं २०१२ साली लंडनला १:४०.९१ चा विश्वविक्रम केला, त्यात पहिले ४०० मीटर ४९.२८ सेकंदांत आणि दुसरे ५१.६३ मध्ये. पण रिलेच्या सरावानं तिला इतकी सावध केली आहे की पहिली फेरी ४३ च्या आत यायला तयार नाही. “माह्या पायाले वाटते अजून एक डाव बाकी हाय,” म्हणते. सध्या ४१, ४४, ४४, ४२ असं बसवणं चालू आहे, म्हणजे २:५१. सरांचं म्हणणं, तिसरी फेरी अजून ढिली आहे.